वय भरलं नव्हतं

स्मरणिकेसाठी शाळेची एखादी आठवण लिहा, असा निरोप आला आणि सगळ्यात आधी डोळ्यांपुढे आला तो लाल शाईने माखलेला माझा अर्ज.

नववीत होतो. वक्तृत्व स्पर्धेला 15 वर्षं पूर्ण हवी होती आणि माझं वय दोन महिन्यांनी भरत नव्हतं. सवलत मिळावी म्हणून मी थेट इंग्रजीत अर्ज खरडला : 'माय एज इज लेस बाय टू मंथ्स.' इंग्रजीच्या सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "वय कमी पडतं ते मराठीत. इंग्रजीत वयाला कशाला पुढे करतोस? स्वतः ये की!" आणि वर लिहिलं, 'आय ॲम टू मंथ्स शॉर्ट ऑफ फिफ्टीन.'

माझं समाधान होईना. शब्दकोश धुंडाळून 'अंडरएज' हा भारदस्त शब्द काढला, वर हौसेने 'अंडरएज्ड' केला. सर म्हणाले, "गुत्त्यावर सापडलास की गाडी चालवताना?" हा शब्द बहुतेक वेळा कायद्याने त्या वयात मनाई असलेल्या गोष्टींसाठी येतो, आणि शेवटचा 'ड' तर माझ्याच पदरचा, हे तेव्हा कळलं. मग 'मायनर' लिहिलं. तो कोर्टकचेरीतला शब्द निघाला. शिवाय कानाला खाणकामगारही तसाच ऐकू येतो.

शेवटी सरांनी फळ्यावर लिहिलं : 'आय ॲम टू यंग टू टेक पार्ट.' त्याखाली, 'आय ॲम नॉट ओल्ड इनफ टू टेक पार्ट.' वर्गात खसखस पिकली. चौदा वर्षांच्या पोराला 'ओल्ड'! "अरे, दोन दिवसांचं तान्हं बाळही इंग्रजीत 'टू डेज ओल्ड'च असतं," सर म्हणाले. "आणि 'इनफ' मागे. 'इनफ ओल्ड' लिहिलंस तर कान पिळीन."

अर्ज बिनचूक झाला. परवानगी काही मिळाली नाही.

गेल्या वर्षी साठी पूर्ण केलेल्यांच्या एका सहलीत मला नाव घालायचं होतं. मी अठ्ठावन्नचा. पुन्हा सवलतीचा अर्ज, पुन्हा इंग्रजीत. 'अंडरएज'चा प्रश्नच नव्हता, 'टू यंग' लिहायला हात धजेना. 'नॉट ओल्ड इनफ' लिहून कागद पुढे सरकवला. टेबलामागच्या मुलीने तो वाचला, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं.

"आजोबा, नक्की?"