बॉर्डरची चुणी

आज सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्यात एक गंमत झाली. नव्या टॉवेलाची रुंद बॉर्डर मी कॉम्प्युटरवर मोठ्या हौसेने काढली होती. नमुना धुऊन आला, तर बॉर्डर आखडलेली आणि काठाला चुण्या! दोन दिवस मी सूत बदलून पाहत होते.

शेवटी नमुना घेऊन खालीच गेले. शिलाईवरच्या मावशी हात फिरवून म्हणाल्या, "पट्टी रुंद झाली की असंच होतंय बघा. दरवेळी दुमडताना आम्हीच ओढून सरळ करतोय." दरवेळी! आणि आम्हाला वर पत्ताच नाही. (विचारलं कुणी होतं म्हणा.) लूमवरचे अण्णा तेलुगूत काहीतरी पुटपुटले, मग म्हणाले, "एक पट्टी कशाला? तीन बारीक घे, मध्ये लूप सोड." (लूप म्हणजे टॉवेलावरचे मऊ फासे.)

तिघांनी मिळून तिथेच पुठ्ठ्यावर आखलं. जपानात 1962 पासून कामगारांची क्वालिटी सर्कल, म्हणजे कामातल्या अडचणी कामगारांनीच एकत्र बसून सोडवायचे गट, चालतात, हे मी कॉलेजात पाठ केलं होतं. मार्कही मिळाले होते.

संध्याकाळी नवा नमुना धुऊन आला. एका कोपऱ्यात अजून जरा ओढ आहे. मावशींनी उद्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी जास्तीची आणते म्हटलंय, तेव्हा बसू परत.