चौथ्या रिळातला जिना

मारधाडीच्या स्वस्त चित्रपटांवर माझं पोट चालतं. हे कुणाला सांगितलं की तो आधी हसतो, असले सिनेमे बघतं तरी कोण म्हणतो, आणि पाच मिनिटांनी लिफ्टमधल्या कुठल्याशा मारामारीचं हातवारे करून वर्णन करायला लागतो. पुरुष असो की बाई, शिकलेला असो की नसो, हे ठरलेलं.

मी फोली आर्टिस्ट आहे. पडद्यावरच्या माणसाने जिना चढला, कॉलर धरली, भिंतीवर अंग आपटलं, की तो आवाज मी स्टुडिओत चित्राकडे बघत हातापायांनी काढते. आधी सगळ्यांची पावलं, मग कपड्यांची सळसळ, मग वस्तू, अशा तीन फेऱ्या. ठोसे बहुतेक वेळा माझे नसतात, ते इफेक्ट्स एडिटर त्याच्या साठ्यातून लावतो. माझ्याकडे झटापट, पडणं, फरपटणं आणि ओलं काय असेल ते. ओलं म्हणजे रक्त. रक्ताला खरं तर ऐकू येण्यासारखा आवाज नसतो, पण प्रेक्षकाला तो हवा असतो, म्हणून मी भिजवलेलं शॅमॉय लेदर पिळते. हाडासाठी सेलरी या लांब देठांच्या भाजीची जुडी, तीही ताजी आणि ताठ. मऊ पडलेली मोडली तर गुंड म्हातारा वाटतो.

बाहेरच्या माणसाला कल्पना नसते ती ही, की मारामारीच्या सेटवर मुद्रित झालेला आवाज जवळजवळ सगळा फेकून द्यावा लागतो. मूठ गालाला लागतच नाही, कॅमेऱ्याच्या कोनामुळे लागल्यासारखी दिसते. खालच्या गाद्या धप्प करतात. फाइट मास्टर "हां, डावा, खाली, पड!" असं ओरडत असतो. बंदुकाही आता बऱ्याचदा एअरसॉफ्टच्या, म्हणजे प्लास्टिकचे छर्रे उडवणाऱ्या नकली. २०२१ मध्ये 'रस्ट' या चित्रपटाच्या सेटवर बंदुकीतून गोळी सुटून छायालेखिका हॅलिना हचिन्स यांचा जीव गेला, तेव्हापासून अनेकांनी खऱ्या बंदुका सेटवर आणणंच सोडलं. एअरसॉफ्टची बंदूक 'टक्' एवढंच वाजते. ज्वाळा संगणकावर घालायची, दणका एडिटरने लावायचा, हातातल्या धातूची खडखड मी करायची. तुम्ही बघता ती अख्खी हाणामारी मुळात मुकी असते.

दर दमडीला हात आखडणारा निर्माता माझ्यावर मात्र खर्च करतो, तो कलेच्या प्रेमापोटी नव्हे. हे चित्रपट देशोदेशी विकले जातात. प्रत्येक खरेदीदाराला संवाद वगळून फक्त संगीत आणि इफेक्ट्स असलेला ट्रॅक द्यावा लागतो, आम्ही त्याला एम अँड ई म्हणतो. त्यावर तो आपल्या भाषेतले संवाद चढवतो. मूळ संवाद काढले की त्यांना चिकटून आलेली पावलं आणि कपडेही जातात, आणि तिथे पोकळी राहिली तर तपासणारा ट्रॅक परत पाठवतो. तेव्हा मला बोलावणं आलं की माल परदेशी जाणार हे समजायचं. मारधाड जाते सहज. कानाखाली काढलेली कुठल्याही भाषेत कळते.

हिशेबही जुनाच आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायचे. पहिल्याला कमाईत टक्केवारी मिळायची, दुसऱ्याला, म्हणजे स्वस्तातल्या 'बी' चित्रपटाला, ठरावीक भाडं. भाडं ठरलेलं म्हटल्यावर जास्त ओतून उपयोग काय? स्वस्त चित्रपटांचे अमेरिकन निर्माते-दिग्दर्शक रॉजर कॉरमन यांनी १९६० मध्ये आलेल्या 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स'चं मुख्य चित्रीकरण दोन दिवस आणि एका रात्रीत उरकलं होतं, ते उगीच नव्हे. आताही विक्रीची रक्कम आधीच बांधलेली असते. म्हणून एकच इमारत, पोस्टरपुरता एखाद-दोन दिवस आणलेला एक ओळखीचा चेहरा, आणि बाकी सगळे स्टंटवाले. २०११ मध्ये इंडोनेशियातल्या 'द रेड'ने एका इमारतीत कमाल करून दाखवली, तेव्हापासून निर्मात्यांना इमारत तेवढी दिसली. त्या लोकांनी हाणामारी किती सराव करून बसवली होती, हे सोयीस्करपणे दिसलं नाही. आमच्याकडे सराव म्हणजे शूटिंगच्या दिवशी सकाळचा चहा होईपर्यंतचा वेळ.

मी हे ज्याच्याबद्दल सांगतेय त्या चित्रपटातही इमारतच होती, अर्धवट बांधलेली. नायक मजल्यामागून मजला माणसं पाडत वर जातो. चौथ्या रिळात जिन्यावर झटापट. नायक रेलिंगचा तुटका दांडा फिरवतो आणि पिवळ्या जर्किनमधला एक गुंड मागच्या मागे पायऱ्यांवर जातो. माझ्या कागदावर एवढंच: पडणं, मध्यम, काँक्रीट.

पडण्याला ठोके असतात, ते आधी नजरेने मोजून घ्यावे लागतात. कसलेला स्टंटवाला ढुंगण, पाठ, खांदा असा उतरतो आणि हात शेवटी आडवा आपटतो, म्हणजे मार वाटला जातो. या पोराचा हात आधी गेला. मनगट पायरीच्या कडेवर. नंतर त्याने निपचित पडायचं होतं. पण नायक पुढे निघून गेल्यावर, कट व्हायच्या आत, फ्रेमच्या डाव्या कोपऱ्यात तो मनगट पोटाशी ओढून घेतो. प्रेक्षक तेव्हा नायकाकडे बघत असतो. मी कोपऱ्याकडे बघते, माझं कामच ते.

रेकॉर्डिस्टला म्हटलं, जरा गाइड ट्रॅक वर घे. सेटवरचा कच्चा आवाज. फाइट मास्टरच्या ओरडण्याखाली एक बारीक, कोरडा आवाज होता आणि मागोमाग "आई गं". किंचाळलेलं नव्हे, श्वास आत घेता घेता निघालेलं. रेकॉर्डिस्टने मशीन थांबवलं. "हा खराच लागलाय," तो म्हणाला. आजवर किती जणांची हाडं मोडली असतील मी, पण तो आवाज सेलरीसारखा नव्हता. फार लहान होता. त्यात काही कौशल्यच नव्हतं.

दिग्दर्शकाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "हो ताई, केसाएवढी चीर होती मनगटाला. प्लास्टर घातलं, आता बरा आहे तो. आणि तो आवाज तसाच ठेवायचाय. सोनं आहे ते." वाईट मुलगा नाही हा. हे चित्रपट त्याला तोंडपाठ आहेत, कुठल्या शॉटमध्ये डबल आहे ते तो झोपेत सांगेल. पोस्टरवर 'सगळे स्टंट खरे' ही ओळ त्यानेच भांडून घालून घेतली होती. प्रेक्षक खऱ्या अंगमेहनतीसाठी येतात यावर त्याची श्रद्धा आहे, आणि तेवढ्यापुरता तो बरोबरच आहे.

तरी मला ते पडणं करावंच लागणार होतं. "आई गं" हा शब्द, म्हणजे संवाद. एम अँड ईमध्ये तो चालत नाही. मग मी ते मन लावून केलं. जुन्या चामड्याच्या जाकिटात वाळूची पिशवी बांधली, काँक्रीटच्या लादीवर आधी कड आणि मग पाठ अशी टाकली. जाकिटाची चेन वाजत होती, ती चिकटपट्टीने बंद केली. मनगटासाठी तळहाताच्या मुळाने लादीवर वेगळा ठोका दिला आणि त्यावर सेलरीचा एकच देठ. जुडी नाही, एकच देठ. शेवटी बोटांनी सिमेंटची बारीक कच घरंगळवली, म्हणजे जिना खरा वाटतो. एडिटरने खाली खर्ज घातला. अप्रतिम जमलं होतं, मीच सांगते.

मिक्समध्ये दिग्दर्शकाच्या हट्टाने मूळ आवाज राहिला, माझा गेला परदेशी ट्रॅकमध्ये. मग एक चाचणी खेळ झाला आणि आम्ही मागच्या रांगेत बसलो. हॉल या चित्रपटांच्या चाहत्यांनी भरलेला. पहिल्या माणसापासून शिट्ट्या. एडिटरने एका पडणाऱ्याला विल्हेल्मची किंकाळी, म्हणजे कित्येक चित्रपटांत वापरलेली तीच ती किंकाळी, लावली होती, १९५१ मधल्या एका चित्रपटासाठी मुद्रित झालेली, ध्वनिरचनाकार बेन बर्टने 'स्टार वॉर्स'मध्ये वापरून पुन्हा चलनात आणलेली. ती ओळखून लोक हसले आणि तिलाही टाळी पडली. माणूस मरतोय आणि हॉल ओळखीचं कुणी भेटल्यासारखा खूश. मग जिना आला. शिट्ट्या थांबल्या. कुणी 'शी' म्हटलं नाही, कुणी उठून गेलं नाही. नुसता हॉल बंद पडला, आणि पुढचा मजला संपत आला तरी पुरता सुरू झाला नाही. संगीताखाली गाडलेला तेवढासा आवाज होता. शॉटमध्ये काही वेगळं होतं का, असं बाहेर दोघातिघांना विचारलं. कुणालाच सांगता येईना. "तिथे जरा लांबलं," असं एक जण म्हणाला. त्या ठिकाणी एक फ्रेमही लांबलेली नव्हती.

निर्मात्याने निकाल लावला: काढा तो आवाज. दुसऱ्या खेळाला माझी वाळूची पिशवी पडली, आणि त्याच पडण्यावर हॉल शिट्ट्यांनी दणाणला.

मी यातच अडकले आहे. हिंसक चित्रपट बघून माणसं बधिर होतात असं सांगणाऱ्या तज्ज्ञांना मी कधीच मोजलं नाही. ते हॉलमध्ये नसतात. ही माणसं मारामारी कशी बघतात ते मी बघते: पाय ठेका धरतात. हाँगकाँगवाल्यांनी हे केव्हाच ओळखलं होतं. वार, क्षणभर थांबा, पुन्हा वार. मोठा ठोसा असेल तर काही फ्रेम दुसऱ्यांदा दाखवायच्या, म्हणजे तो दोनदा बसतो. हे सगळं तालाचं काम आहे. बघणाऱ्याला अंगाची हुकमत बघायची असते आणि पडलेला प्रत्येक जण कट म्हटल्यावर उठणार आहे, हा करार त्याला मनातून माहीत असतो. म्हणून तो चाळीस मुडदे खुशीत मोजतो. करार मोडला की त्याच्या कानाला डोळ्याआधी कळतं, पोस्टरवर काहीही लिहिलेलं असो. इथवर मला माझ्या प्रेक्षकांचा अभिमान वाटला होता.

पण दुसऱ्या खेळाला चित्र तेच होतं. तेच मनगट, तीच कड, कोपऱ्यात हात पोटाशी घेणारा तोच पोरगा. माझं चामडं आणि एक देठ वर टाकल्याबरोबर सगळे मोकळे झाले. मग पहिल्या खेळातली ती शांतता त्याच्यासाठी होती की स्वतःची मजा गेली म्हणून? रेकॉर्डिस्ट म्हणतो, तू फार विचार करतेस, पैसे आले ना. मिक्सर म्हणतो, पहिल्या खेळाला स्पीकर खराब होते. मिक्सरचं प्रत्येक गोष्टीला हेच उत्तर असतं.

मधल्या काळात तो पोरगा स्टुडिओत आला होता. गुंडांचे हुंकार आणि ओरडे पुन्हा मुद्रित करायचे होते, आणि निर्मात्याने स्वस्तात स्टंटवाल्यांनाच बोलावलं होतं. मनगट फिरवून दाखवलं त्याने, थोडं कटकट करत होतं. मला वाटलं, आवाज बदलला हे ऐकून त्याला बरं वाटेल.

"काढला? का पण, ताई?" तो हिरमुसलाच. "अख्ख्या पिक्चरमध्ये माझा म्हणून तेवढा एक शॉट आहे. बाकी सगळीकडे मी पाठमोरा नाहीतर मेलेला."

काय सांगणार त्याला? ऑस्करवाल्यांनीसुद्धा स्टंट डिझाइनला पुरस्कार द्यायचं २०२५ मध्ये जाहीर केलं, तेही २०२७ पासूनच्या चित्रपटांना. शंभर वर्षं लोक गाद्यांवर आणि गाद्यांबाहेर पडत आले, तेव्हा कुठे. याचं तर श्रेयनामावलीत नावही धड लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, "अरे, लोकांना ते ऐकवत नव्हतं." तो म्हणाला, "म्हणजे जमलं होतं ना?"

दिग्दर्शकाला विचारून मी त्याला मूळ आवाजासकट तो तुकडा काढून दिला, शो-रीलसाठी. थोड्याच दिवसांत त्याचा मेसेज आला, उद्गारचिन्हांनी भरलेला. एका फाइट मास्टरने रील बघितली होती आणि काम दिलं होतं. पुन्हा जिना, या वेळी दोन मजले. अगदी तसंच पडशील का, असं विचारलं म्हणे, आणि याने हो सांगून टाकलं. वर मला विनंती, फोली तुमच्याकडे आलं तर या वेळी माझा आवाज काढू नका.

मी त्याला मनगटाच्या गार्डचा फोटो पाठवला, बाहीच्या आत दिसत नाही तसल्या पातळ गार्डचा, आणि खाली लिहिलं: हे आधी घाल. आवाजाचं मी बघते.