माल शोधणारं ॲप, आवृत्ती ०.४: ठिपका गेला, जागेची तारीख आली

सुपरमार्केटमधल्या कर्मचाऱ्यांना माल कुठे आहे ते सांगणाऱ्या ॲपची ही पुढची नोंद. सध्याची स्थिती अशी: बारकोड स्कॅन आणि नावावरून शोध दोन्ही नेटवर्कशिवाय चालतात, जागेची टेबलं नव्याने मांडली आहेत, आणि आपण दुकानात कुठे उभे आहोत ते दाखवणारा नकाशावरचा निळा ठिपका काढून टाकला आहे. ठिपक्यापासूनच सुरुवात करू, कारण असं ॲप करायला घेणारे बहुतेक जण आधी तिकडेच वळतात.

जीपीएस छताखाली कामाचं नाही. ब्लूटूथ बीकन (सतत सिग्नल सोडणारं छोटं यंत्र) लावलं तर फोन सिग्नलच्या जोरावरून अंतराचा अंदाज बांधतो, आणि सुपरमार्केटात तो अंदाज बिघडवायला सगळं हजर असतं: धातूचे रॅक सिग्नल परतवतात, पाण्याच्या बाटल्यांची रांग २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल शोषते, मध्ये माणूस उभा राहिला तरी आकडा हलतो. २ ते ५ मीटरची चूक धरूनच चालावं लागतं. दोन शेजारच्या रांगांमधलं अंतरही साधारण तेवढंच, म्हणजे चूक नेमकी पलीकडच्या रांगेत नेऊन सोडते. वाय-फाय आरटीटी (सिग्नलला जाऊन यायला लागणाऱ्या वेळेवरून अंतर मोजणं) अँड्रॉइड ९ पासून आहे आणि चूक १-२ मीटरपर्यंत आणतं, पण त्यासाठी राउटर आणि फोन दोन्ही ते जमणारे लागतात. शिवाय आपण कुठे उभे आहोत हे कर्मचाऱ्याला ठाऊकच असतं. त्याला माल कुठे आहे ते हवं असतं, आणि ॲप सांगतंय ती जागा आजही खरी आहे का, हेही. या आवृत्तीतलं बरंचसं काम त्या दुसऱ्या प्रश्नावर आहे.

जागेचा पत्ता

पत्ता चार तुकड्यांचा: रांग, बाजू, बे, फळी. बे म्हणजे रॅकच्या दोन खांबांमधला भाग, रुंदी साधारण ९० ते १३० सेंटीमीटर. ०७-डा-०४-२ म्हणजे सातवी रांग, डावी बाजू, चौथा बे, खालून दुसरी फळी. फळ्या खालूनच मोजाव्यात. तळाची फळी पक्की असते, वरच्या मालाच्या उंचीप्रमाणे सरकतात, वाढतात, कमी होतात. वरून मोजलं तर एक फळी वाढवली की त्या बेमधले सगळे पत्ते चुकले.

डावं-उजवं ठरवताना कुठून पाहायचं ते एकदाच लिहून टाका. इथला नियम: बिलिंग काउंटरकडे पाठ करून, बे क्रमांक काउंटरच्या टोकापासून १. हे न ठरवता दोघांनी दोन टोकांकडून नोंदी घेतल्या तर निम्मा डेटा आरशातला होतो, आणि स्क्रीनकडे पाहून ते कळतही नाही.

फळीवरची आडवी जागा सेंटीमीटरमध्ये ठेवू नये. फक्त क्रम ठेवावा, तोही अपूर्णांकात: ३ आणि ४ च्या मध्ये नवा माल आला तर त्याला ३.५. बाकीच्या नोंदींना हात लावावा लागत नाही.

पत्ता मालाच्या ओळीत मजकूर म्हणून चिकटवण्याचा मोह टाळा. टेबलं तीन: माल, जागा, आणि दोन्हींना जोडणारी ठेवण. एकाच मालाच्या अनेक ठेवणी असतात: कायमची फळी, रांगेच्या टोकाचं एंड कॅप, रॅकच्या माथ्यावरचा साठा, मागचं गोदाम. प्रत्येक ठेवणीला प्रकार, आणि एंड कॅपला संपण्याची तारीख. अख्खा बे दुसरीकडे हलवला तर जागेच्या टेबलात काही ओळी बदलतात आणि त्यावरचा सगळा माल आपोआप सोबत जातो.

बारकोड

क्रमांक कायम मजकूर म्हणून साठवा, डावीकडे शून्यं भरून १४ अंकी. १२ अंकी यूपीसी, १३ अंकी ईएएन आणि ८ अंकी ईएएन हे बारकोडचे प्रकार मग एकाच स्तंभात बसतात. पूर्णांक म्हणून साठवलं तर सुरुवातीची शून्यं गळतात. त्याहून वाईट म्हणजे स्प्रेडशीट: १३ अंकी क्रमांक ती घातांकात दाखवते, आणि तशीच सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) जतन झाली की शेवटचे अंक कायमचे गेले. आयात करतानाच तपास अंक (बाकीच्या अंकांवरून निघणारा शेवटचा अंक) पडताळला तर अशी फाइल दारातच अडते. ईएएन-१३ मध्ये पहिल्या १२ अंकांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचं, बेरीज करायची, आणि ती पुढच्या दहाच्या पटीपर्यंत न्यायला जे लागेल तो तेरावा अंक. २००१२३४५६७८९ ची बेरीज ९७, म्हणून शेवटी ३.

हा क्रमांक २ ने सुरू होतो, तेही मुद्दाम घेतलं आहे. २० ते २९ हे उपसर्ग दुकानाच्या अंतर्गत वापरासाठी राखीव आहेत. वजन करून लेबल चिकटवलेल्या मालावर तेच असतात, आणि क्रमांकाच्या आत वजन किंवा किंमत दडलेली असते, त्यामुळे दोन पाकिटांचे बारकोड जुळतच नाहीत. अख्खा क्रमांक शोधला तर उत्तर नेहमी 'सापडलं नाही'. मधले मालाचे अंक काढून तेवढेच शोधायचे. ते कोणत्या स्थानी आहेत हे दुकानाच्या तराजूच्या मांडणीवर ठरतं, म्हणून हा नियम कोडमध्ये न ठोकता सेटिंगमध्ये ठेवला आहे.

दुसरी अडचण खोक्यांची. खोक्यावर बहुधा १४ अंकी क्रमांक, पहिला अंक १ ते ८ पैकी, पॅकिंगची पातळी सांगणारा. पुढे १ लागला की बेरजेत ३ ची भर पडते, म्हणून तपास अंक ३ ने उतरतो: सुट्या नगाचा ८ असेल तर खोक्याचा ५. पहिला अंक काढून तपास अंक पुन्हा मोजला की पुष्कळदा सुटा नग सापडतो, पण नेहमी नाही, कारण काही उत्पादक खोक्याला सरळ वेगळाच क्रमांक देतात. खोकं आणि नग जोडणारं टेबल शेवटी लागतंच.

स्कॅनरला फक्त लागणारे प्रकार वाचायला सांगा, वेग लगेच वाढतो. ईएएन-१३ ची रुंदी ९५ एकक असते आणि एकेका एककाला किमान २ पिक्सेल हवेत, म्हणजे चौकटीत कोड निदान १९० पिक्सेल रुंद दिसला पाहिजे. वाकलेल्या बाटलीवर कडेच्या रेघा आकसतात, तिथे चुकीचं वाचन होऊ शकतं. लागोपाठ दोन फ्रेममध्ये तोच क्रमांक आला तरच स्वीकारणं हा स्वस्त उपाय.

देवनागरीतला शोध

शोध एसक्यूलाइट या फोनवरच्या डेटाबेसच्या एफटीएस५ या मजकूर-शोधाच्या भागावर आहे. फोनसोबत आलेल्या एसक्यूलाइटमध्ये ते असेलच याची खात्री नसते, म्हणून एसक्यूलाइट ॲपमध्येच बांधून दिलं आहे. ३० हजार मालांच्या ओळी, दर ओळीला ३०० बाइट धरले तरी ९ एमबी, त्यामुळे सगळी यादी फोनवर ठेवायला अडचण नाही. फोटो मात्र मागणीप्रमाणे. ६ केबीचा एक म्हटला तरी ते १८० एमबी होतात.

खरा सापळा युनिकोड६१ या टोकनायझरमध्ये, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणाऱ्या भागात आहे. मूळ सेटिंगमध्ये तो अक्षरं आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो. काना, वेलांटी, हलन्त ही चिन्हं युनिकोडमध्ये अक्षरं नसून मार्क आहेत, त्यामुळे प्रत्येक मात्रेपाशी शब्द तुटतो. 'बिस्किट'चे ब, स, क, ट असे चार शब्द होतात आणि 'सा' टाइप केलं की साबणाच्या यादीत बिस्किटं येऊन बसतात. दोष लवकर लक्षात येत नाही, कारण 'शाम्पू' आणि 'शॅम्पू' दोन्हींचे तुकडे श, म, प असेच पडतात आणि शोध उलट हुशार वाटतो! टेबल बनवताना शब्दाचा भाग मानायच्या श्रेणींमध्ये एमएन आणि एमसी या मार्कच्या दोन वाढवल्या की शब्द अखंड राहतात.

मग शुद्धलेखनाची सोय आपणच करायची. मूळ नावाला धक्का न लावता शोधासाठी वेगळा स्तंभ ठेवा, आणि टाइप केलेल्या शब्दावरही तेच नियम त्याच क्रमाने चालवा. आधी एनएफसी, म्हणजे युनिकोडचं ठरलेलं एकसारखं रूप. मग अदृश्य जोडणारी-तोडणारी चिन्हं काढायची आणि ऱ चा र करायचा. 'पांढऱ्या' दोन प्रकारे टाइप होतं आणि डोळ्यांना फरक दिसत नाही, त्यासाठी हे. ॲ हे अक्षर युनिकोडमधल्या ०९७२ या एकाच कोडने, किंवा अ वर चंद्र देऊन, किंवा ऍ म्हणून लिहिलं जातं, आणि एनएफसी त्यांना एक करत नाही. ते हाताने करावं लागतं. पुढे प-वर्गाच्या आधीचा म् अनुस्वार करायचा, चंद्राचा काना, ऱ्हस्वाचं दीर्घ. शॅम्पू, शाम्पू, शांपू तिन्ही एका जागी येतात. देवनागरी आणि रोमन अंक एकाच संचात आणा. माप नावातून वेगळं काढून मिलिलिटर किंवा ग्रॅममध्ये साठवा, नाहीतर ५०० मिली शोधणाऱ्याला अर्धा लिटर सापडत नाही.

एवढं करूनही काही सापडलं नाही तरच ट्रायग्रॅमकडे (तीन-तीन अक्षरांचे तुकडे जुळवणं) जायचं आणि मिळालेले उमेदवार संपादन-अंतराने, म्हणजे किती अक्षरं बदलावी लागतात त्या क्रमाने लावायचे. सरसकट आधीच अंदाजी शोध लावला की यादी लांबते आणि उभ्याने वाचणारा माणूस वैतागतो.

बोलीतली नावं जमवायला वेगळा उद्योग नको. नावाने शोधून काही आलं नाही आणि पुढच्या दोन मिनिटांत त्याच फोनवरून एखादा माल स्कॅन झाला, तर ती जोडी टोपणनावाची उमेदवार म्हणून नोंदवली जाते. मान्यता माणसानेच द्यायची.

जागेचं वय

प्लॅनोग्राम, म्हणजे रॅकवरच्या मांडणीचा आराखडा, माल कुठे असायला हवा ते सांगतो. तो कुठे आहे हे फक्त फळी सांगते. म्हणून प्रत्येक ठेवणीला दोन गोष्टी जोडल्या: शेवटची पाहिल्याची वेळ आणि माहितीचा उगम. प्लॅनोग्राममधून आलेली नोंद ०.६ विश्वासाने सुरू होते, फळीवर स्कॅन झालेली १ ने. पुढे विश्वास ठरावीक अर्धायुष्याने (निम्मा व्हायला लागणारा काळ) घटतो: कायमच्या फळीला ४५ दिवस, एंड कॅपला ७, गोदामाला २. म्हणजे फळीवर स्कॅन होऊन ९० दिवस झाले की ०.२५. हे आकडे ठरवून घेतलेले आहेत. दुकानात रॅकची फेरमांडणी किती वेळा होते त्याप्रमाणे बदला. पडद्यावर हा अपूर्णांक दाखवू नका, 'आज पाहिलं', 'तीन आठवड्यांपूर्वी' असं लिहा. आणि नुसता लाल-हिरवा रंग नको, तो फरक बऱ्याच लोकांना दिसत नाही.

'सापडलं नाही' हे एकच बटण ठेवलं तर डेटा नासतो. माल संपला म्हणून जागा रिकामी आहे, की जागाच दुसऱ्याला दिली आहे, हे त्यातून कळत नाही. निर्णय फळीच्या कडेचं लेबल करतं. त्या मालाचं लेबल तिथे असेल तर पत्ता बरोबर, साठा शून्य. उलट ही पाहणीच ठरते, म्हणून वेळ ताजी होते. लेबल दुसऱ्याचं असेल तर ते स्कॅन करायचं: एका स्कॅनमध्ये जुनी ठेवण संशयित आणि नवी पक्की. त्यामुळे बटणं दोन, 'लेबल आहे, माल नाही' आणि 'लेबल दुसरंच'. जुनी ठेवण लगेच पुसू नये. दुसऱ्या फोनवरून तसंच कळेपर्यंत ती यादीत खाली राहते.

बे नव्याने नोंदवताना आधी बेचा क्यूआर, मग तळाच्या फळीपासून डावीकडून उजवीकडे लेबलं, फळी संपली की पडद्यावर एक टॅप. एखादं लेबल सुटलं तरी क्रम टिकतो, हा क्रम साठवण्याचा दुसरा फायदा.

नेटवर्कशिवाय दोन फोनांनी एकाच जागेबद्दल वेगळं सांगितलं तर? 'शेवटचं लिहिलेलं खरं' हा नियम फोनच्या घड्याळावर उभा असतो, आणि घड्याळं चुकतात. इथे प्रत्येक पाहणी ही न बदलणारी घटना आहे. फोनची वेळ आणि सर्व्हरला पोहोचल्याची वेळ दोन्ही ठेवतो, आजचं उत्तर घटनांवरून काढतो. दोन वेळांत एका दिवसाहून जास्त फरक दिसला तर ती घटना बाजूला काढून हाताने पाहायची.

पडदा

पत्ता सर्वात वर, सर्वात मोठा. नाव त्याखाली. बटणं ४८ डीपीपेक्षा (डीपी हे अँड्रॉइडमधलं पडद्याचं एकक) लहान नकोत, आणि अंगठ्याच्या टप्प्यात, तळाशी. शीतगृहातल्या हातमोज्यांनी टचस्क्रीन ऐकत नाही, म्हणून आवाजाच्या बटणावर स्कॅन दिला आहे. अनेक माल एकदम शोधायचे असतील तर यादी नागमोडी लागते: विषम रांगा चढत्या बेने, सम रांगा उतरत्या. गोठवलेला माल नेहमी शेवटी, पत्ता काहीही असो.

पुढे

बारकोडचे नियम ठरवणाऱ्या जीएस१ या संस्थेने २०२७ अखेरपर्यंत बिलिंग काउंटरवर क्यूआरसारखे द्विमित कोड वाचता यावेत असं उद्दिष्ट ठेवलं आहे, त्यामुळे पाकिटांवरचे क्यूआर वाचणं पुढच्या आवृत्तीत. त्यातली वेबपत्त्यासारखी दिसणारी ओळ उघडायची नसते. तिच्यातल्या ०१ या तुकड्यानंतरचे १४ अंक तेवढे घ्यायचे, ते आपल्या स्तंभाशी थेट जुळतात. १७ नंतर मुदत संपण्याची तारीख असते, पण ती नेहमी असेलच असं नाही. एकाच पाकिटावर क्यूआर आणि जुना बारकोड दोन्ही असतील तर कॅमेरा दोन्ही वाचतो. दोन्हींतून मालाचा क्रमांक एकच निघाला तर एक स्कॅन धरायचा, वेगळा निघाला तर बारकोडचा घ्यायचा. जाहिरातीच्या क्यूआरमध्ये ०१ नसतोच, तो गाळणीतच अडतो.