जवारीसाठी मिरजेला

तानपुरा लेकरासारखा सांभाळत मिरज स्टेशनबाहेर आले, तर रिक्षावाल्यानेच विचारलं, "सतारमेकर गल्ली ना?"

आधी एकाने घाईघाईत जवारी (तारा ज्या घोडीवर टेकतात ती घासून आवाज गुंजता करणं) काढून दिली होती. तेव्हापासून खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या 'सा'ची तार, नुसता ठणठण वाजायचा. गल्लीतल्या कारागीर चाचांनी तार एकदा छेडली, काहीच बोलले नाहीत. तारा घोडीवरून बाजूला सरकवून कानस घेतली. दोन हलके हात मारायचे, तार जागेवर आणायची, खाली सूत सरकवायचं, डोळे मिटून ऐकायचं. की पुन्हा तार बाजूला. तिसऱ्या खेपेलाच मी "छान झालं" म्हटलं.

"ताई, गंधार कुठं बोलतोय अजून?" चाचा म्हणाले. गंधार म्हणजे खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा 'ग'.

चहा गार झाला. वर तानपुऱ्यांसाठीचे मंगळवेढ्याकडचे भोपळे टांगलेले. 2024 मध्ये इथल्या सतार-तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, त्यावर चाचांचं "बरं झालं की" एवढंच. भोपळ्याच्या सालीची जाडी कशी ओळखायची यावर मात्र पंधरा मिनिटं! (मला अजूनही ओळखता येत नाही.)

दोन तासांनी खर्जातून गंधार अलगद वर आला. चाचांनी मान हलवली, कानस पुसून ठेवली. मी पर्स उघडली तर म्हणाले, "पावसाळ्यात आवाज बदलंल, तेव्हा घेऊन या परत."