खोली ओळखणारा टॅग, टप्पा ३ : मीटर सोडले, ठसे घेतले

टॅग घरातल्या कोणत्या खोलीत आहे ते ओळखून तिथले दिवे आपोआप लावायचे, हा या प्रकल्पाचा हेतू. मांडणी मागच्या टप्प्यातलीच आहे. तीन खोल्या आणि स्वयंपाकघर, प्रत्येक ठिकाणी एक ईएसपी३२ बोर्ड (वाय-फाय आणि ब्लूटूथ असलेले छोटे सर्किट), आणि चावीच्या जुडग्यात अडकवायचा सीआर२०३२ या चपट्या सेलवरचा ब्लूटूथ टॅग. टॅग दर ५०० मिलिसेकंदांनी आपली ओळख पुकारतो. बोर्ड ती ऐकतात आणि सिग्नलची ताकद, म्हणजे आरएसएसआय, एमक्यूटीटीवरून (उपकरणांनी छोटे संदेश पाठवायची पद्धत) रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाकडे पाठवतात. टॅगच्या जागी मोबाइल चालत नाही, कारण फोन आपला ब्लूटूथ पत्ता साधारण दर १५ मिनिटांनी बदलतो.

या वेळी आरएसएसआयवरून अंतर काढणे पूर्ण बंद केले. त्याऐवजी ठरलेल्या जागांवर चारही बोर्डांना टॅग किती जोरात ऐकू येतो ते आधीच नोंदवून ठेवले; ही नोंद म्हणजे ठसा. एक मीटरवर −५९ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचे एकक; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरात) आणि अंतराबरोबर सिग्नल किती झपाट्याने मंदावतो ते सांगणारा घातांक २.५ धरला, तर −७५ ला अंतर ४.४ मीटर येते, −८० ला ६.९ मीटर. फरक पाच डेसिबलचा, पण नकाशावर टॅग अडीच मीटर सरकतो, म्हणजे थेट भिंतीपलीकडे. पाच डेसिबल हलायला माणसाने नुसती पाठ फिरवली तरी पुरते. शरीरातले पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेते. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये बहल आणि पद्मनाभन यांनी २००० साली मांडलेल्या ‘रडार’ पद्धतीत हेच दिसले होते. त्यांनी ७० जागांवर, प्रत्येक जागी चार दिशांना तोंड करून, वाय-फायची मोजमापे घेतली. चार दिशांचा तो नियम इथे जसाच्या तसा उचलला आहे. तो गाळू नका, सगळा फायदा त्यातच आहे.

ठसे घ्यायची रीत अशी. प्रत्येक खोलीत पाच जागा खडूने आखायच्या : चार कोपऱ्यांपासून हातभर आत आणि एक मधोमध. प्रत्येक जागी टॅग खिशात ठेवून चार दिशांना ३०-३० सेकंद उभे राहायचे. चार खोल्यांचे मिळून ८० ठसे, ४० मिनिटांचे काम. एका ठशात चार आकडे, प्रत्येक बोर्डाच्या वाचनांचा मध्यक, म्हणजे वाचने क्रमाने लावली की मधोमध येणारा आकडा. सरासरी घेऊ नका. टॅग ३७, ३८ आणि ३९ अशा तीन चॅनेलवर पुकारतो, भिंतींवरून परतलेल्या लहरी प्रत्येक चॅनेलवर वेगळ्या मिसळतात, त्यामुळे जागचा न हललेला टॅगसुद्धा वरखाली उड्या मारतो. एखादी खोल घसरण सरासरीला ओढून नेते. मध्यकाला तिचा फारसा फरक पडत नाही. नंतर चालू वाचनाच्या आकड्यांशी सगळ्यांत जास्त जुळणारे पाच ठसे शोधायचे आणि बहुमताने खोली ठरवायची.

आता घोळ कुठे होतात ते. ज्या बोर्डाला टॅग ऐकूच आला नाही, त्याच्या जागी शून्य भरले तर गणित उलटे होते, कारण शून्य डीबीएम म्हणजे सिग्नल प्रचंड जोरात. तिथे −१०० भरा. दुसरा घोळ स्कॅनिंगचा. स्कॅनिंगच्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) एकाच टॅगचे पुन्हा आलेले संदेश गाळण्याची सोय मुळातच चालू असते. ती बंद केली नाही तर प्रत्येक फेरीत एकच वाचन मिळते आणि मध्यक कशाचा काढणार? ईएसपी३२मध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच रेडिओवर चालतात, म्हणून स्कॅनचा कालावधी १०० आणि ऐकण्याची खिडकी ५० मिलिसेकंद ठेवली आहे, म्हणजे निम्मा वेळच टॅग ऐकायचा. दोन्ही सारखे ठेवले की वाय-फाय तुटायला लागते. ईएसपी-आयडीएफमध्ये (बोर्डाच्या निर्मात्याचे प्रोग्रॅमिंग साहित्य) हेच आकडे ०.६२५ मिलिसेकंदाच्या पटीत, म्हणजे १६० आणि ८० असे लिहायचे. अर्दुइनोच्या लायब्ररीत ते थेट मिलिसेकंदांत जातात. कोड इकडून तिकडे उचलताना हे हमखास चुकते.

बोर्ड जमिनीपासून दीड मीटरवर लावा, अँटेनाचे टोक मोकळे ठेवा. लोखंडी कपाट, फ्रिज आणि स्टीलच्या डब्यांची मांडणी यांच्यामागे लावलेला बोर्ड निम्म्या घराला बहिरा होतो. दोन बोर्डांची अदलाबदल करू नका. प्रत्येकाचे वाचन थोडे वेगळे असते. कपाट हलवले तर त्या खोलीचे ठसे नव्याने घ्या.

दाराच्या उंबऱ्यावर उभे राहिले की उत्तर दोन खोल्यांमध्ये झुलते आणि दिवे चालू-बंद होत राहतात. त्यावर उपाय म्हणून नव्या खोलीला पाचांपैकी किमान चार मते सलग तीन वेळा मिळाली, तरच बदल मानायचा. वाचन दर दोन सेकंदांनी होते, म्हणजे सहा सेकंद उशीर. दिव्यासाठी तो थोडा खुपतो, पण झुलण्यापेक्षा बरा.

सेलचे गणित : २२० मिलिअँपिअर-तास, सरासरी २० मायक्रोअँपिअर धरले तर ११,००० तास, म्हणजे कागदावर १५ महिने. जुना सेल संदेश पाठवतानाच्या झटक्याला व्होल्टेज सोडतो आणि टॅग परत सुरू होतो. सेलला समांतर १०० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. इलेक्ट्रोलिटिकची गळतीच टॅगच्या खर्चाशी बरोबरी करू शकते.

सेल वाचवायची जुनी युक्ती केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेतल्या ‘ॲक्टिव्ह बॅज’मध्ये सापडते. तो बिल्ला दर १५ सेकंदांनी इन्फ्रारेड संकेत सोडायचा आणि अंधारात, म्हणजे खणात पडून असताना, ते अंतर वाढवायचा. पुढच्या टप्प्यात टॅगवर एलडीआर (उजेड ओळखणारा सेन्सर) बसवून तेच करून पाहायचे आहे. अडचण एकच : चावी खिशात असली तरी अंधारच. म्हणून एलडीआरच्या जोडीला हालचाल टिपणारा सेन्सर घेतला आहे, आणि दोन्ही शांत असतील तेव्हाच पुकारा ५०० मिलिसेकंदांवरून १० सेकंदांवर न्यायचा.