रिकामं ताट

२२ डिसेंबर २०२२, मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या आणि अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या आमच्या स्वयंपाकघरात घट मांडत होत्या. आंब्याची पानं मिळाली नाहीत म्हणून विड्याच्या पानांवर भागवलं होतं. बैठकीच्या खोलीत टीव्हीवर हवामान सांगणारा माणूस पुन्हा पुन्हा सांगत होता की पिढीतून एखाद्या वेळी येतं तसलं वादळ उद्या सकाळी येतंय. बाहेर मात्र साधा पाऊस पडत होता. दोन दिवसांनी न्यू जर्सीला मित्रांकडे नाताळला जायचं, हा बेत आम्ही आदल्या दिवशीच रद्द केला होता. त्यावरून लेकीचा रुसवा अजून गेला नव्हता.

उद्यापनाला हळदीकुंकवासाठी सवाष्ण हवी होती. मी शेजारच्या आजींना फोन केला. त्या जन्माने इथल्याच, पण त्यांचे आईवडील पोलंडमधून आलेले. आम्ही राहतो त्या चीक्टोवागा भागात पोलिश घरं पुष्कळ. आमची मुलं त्यांना त्यांच्या नातवंडांसारखंच ‘बाबचा’ म्हणतात आणि आजोबांना ‘जाजा’. बाबचा छत्री घेऊन आल्या, पाटावर बसता येईना म्हणून खुर्चीवर बसल्या. आईंनी त्यांना कुंकू लावलं, ओटीत केळं घातलं आणि रीतीप्रमाणे महालक्ष्मीव्रताची पोथीही हातात ठेवली. एक अक्षर वाचता येणार नव्हतं, तरी बाबचांनी ती पदराखाली घ्यावी तशी कोटाच्या आत धरली, पावसात भिजू नये म्हणून.

जाताना दारात त्या मला म्हणाल्या, “शनिवारी आमची विगिलिया. मी एक ताट जास्तीचं मांडते, तुला ठाऊक आहे ना?”

मला ठाऊक होतं. विगिलिया म्हणजे २४ डिसेंबरची संध्याकाळ. पोलिश घरांतून त्या रात्री मांस शिजत नाही. आकाशात पहिली चांदणी दिसली की जेवायला बसायचं, मेजावरच्या पांढऱ्या कापडाखाली थोडं वाळलेलं गवत पसरायचं, बारा पदार्थ करायचे आणि एक ताट रिकामं ठेवायचं. ते ताट न बोलावता येणाऱ्याचं.

शुक्रवारी सकाळी पाऊस होता तो बघता बघता बर्फ झाला. काही तासांत पारा असा कोसळला की रस्त्यावरचं पाणी होतं तिथे गोठलं. साडेनऊपासून गाड्या चालवायला बंदी आली, पण तोवर कित्येक जण कामावर निघून गेलेले होते. त्यातले बरेचसे दुकानात, हॉटेलात, दवाखान्यात रोजावर काम करणारे. मला त्या दिवसाचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते त्यांच्यासाठी.

बफेलोचा बर्फ इतर ठिकाणच्या बर्फासारखा नसतो. गाव लेक इरीच्या पूर्वेच्या टोकाला आहे. पश्चिमेकडून गार वारं येतं ते या लांबलचक तळ्यावरून, आणि डिसेंबरात तळं अजून गोठलेलं नसतं. वारा त्या पाण्याची ऊब आणि वाफ उचलतो आणि किनारा लागला की सगळं आमच्या डोक्यावर ओततो. तळं एकदा गोठलं की हा प्रकार ओसरतो. त्यामुळे इथले जुने लोक जानेवारीच्या थंडीला घाबरत नाहीत, डिसेंबरच्या वाऱ्याला घाबरतात. त्या वेळी वारा ताशी ११० किलोमीटरच्या वर गेला होता. वाऱ्यामुळे बर्फ खाली पडतच नव्हता, आडवा धावत होता. आमच्या घरापासून बाबचांचं घर पंचवीस-तीस फूट, मध्ये एक मेपलचं झाड. शुक्रवारी दुपारपासून ना झाड दिसत होतं ना घर. खिडकीवर आतून पांढरा कागद चिकटवल्यासारखं वाटत होतं. जवळपास सदतीस तास हे असंच चाललं.

मुलांचं मात्र बरं चाललं होतं. पाच वर्षांच्या मुलाला एकच काळजी, गाड्यांना बंदी आहे तर सांताच्या गाडीचं काय? आईंनी त्याला समजावलं की ती गाडी आकाशातली, तिला रस्त्याचा कायदा लागत नाही. मग दोघांनी मिळून सांतासाठी बशीत बिस्किटाच्या जोडीला तिळाचा लाडू ठेवला, “एवढ्या थंडीत त्याला तीळच हवेत” म्हणून.

शनिवारी सकाळी भट्टीचा आवाज बदलला. इथली घरं तापवणारी भट्टी गॅसवर चालते आणि तिचा धूर बाहेर सोडणारा नळ भिंतीतून निघतो. तो बर्फाने बुजला तर विषारी वायू घरातच कोंडतो. नवरा फावडं घेऊन निघाला. नळ होता मागच्या दारापासून पंधरा पावलांवर. मी त्याच्या कमरेला कपडे वाळत घालायची दोरी बांधली आणि दुसरं टोक दाराशी धरून बसले. दोरी ताणली जायची, सैल व्हायची, पुन्हा ताणली जायची. वीस मिनिटांनी तो आत आला तेव्हा त्याच्या पापण्या एकमेकींना चिकटल्या होत्या. म्हणाला, “भिंतीवरचा हात एकदा सुटला आणि घर कुठल्या बाजूला आहे तेच कळेना.” स्वतःच्या घराला टेकून उभा असलेला माणूस हे सांगत होता. आई काहीच बोलल्या नाहीत, त्याच्या डोक्यावरून नुसता हात फिरवत राहिल्या.

दुपारी बफेलो बिल्स या इथल्या अमेरिकन फुटबॉलच्या संघाची मॅच होती, शिकागोला. नवरा आणि लेक पाहत होते. आमचा संघ ३५-१३ ने जिंकला आणि मॅच संपता संपता वीज गेली. भट्टीतला गॅस होता, पण गरम हवा घरभर ढकलणारा पंखा विजेवरचा. तो थांबला तशी थंडी भिंतींतून आत झिरपायला लागली. पाण्याचे नळ गोठू नयेत म्हणून सगळे थेंब थेंब चालू ठेवले, मधल्या खोलीत गाद्या टाकल्या आणि आईंनी बॅगेतून गोधडी काढली. जुन्या नऊवारींची, त्यांच्या आईने शिवलेली. मी सामान भरताना म्हटलं होतं, “आई, तिकडे रजया आहेत, कशाला वजन वाढवता?” त्या रात्री त्या गोधडीत आम्ही चौघे होतो आणि पाचवा तिच्या कडेला.

साडेसहाच्या सुमारास फोन वाजला. बाबचा होत्या. त्यांचीही वीज गेलेली, पण त्यांच्या जुन्या घरात लाकडाची शेकोटी आहे. मुलं-नातवंडं कुणीच पोचू शकली नव्हती. दोघंच म्हातारी माणसं मेजावर बसलेली.

“ताट मांडलंय,” त्या म्हणाल्या. “तुमचंच आहे ते. पण आज येऊ नका. ऐकतेयस ना? मुलांना घेऊन दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. ताट मी उचलणार नाही. उद्या या.”

फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, “दोरी आहे. तीस फूट तर आहे.” मी गप्प होते. खरं सांगायचं तर माझंही मन होत होतं. मुलगा थंडीने कुडकुडत होता आणि तीस फुटांवर विस्तव होता.

आई म्हणाल्या, “सकाळी तुला भिंत सापडत नव्हती. त्या बाईंनी ताट तसंच ठेवलंय ना? मग एक रात्र काढू.”

आम्ही ती रात्र काढली. पहाटे घरात नऊ अंश होते.

त्या दिवसांत आमच्या अवतीभवती काय काय चाललं होतं ते नंतर कळलं. चाळीसहून अधिक माणसं गेली. कुणी बर्फात अडकलेल्या गाडीत, कुणी चालत निघालेलं असताना, कुणी रुग्णवाहिका पोचू शकली नाही म्हणून घरातच. आमच्याच भागात एका माणसाने शाळेची काच फोडून रस्त्यावर अडकलेल्या वीसहून अधिक जणांना आत नेलं आणि निघताना माफीची चिठ्ठी लिहून ठेवली. पोलिसांनी शोध घेतला तो त्याचे आभार मानायला. जवळच्या विल्यम्सव्हिलमध्ये नायगाऱ्याला निघालेल्या दक्षिण कोरियाच्या नऊ पर्यटकांनी फावडं मागायला एका घराचं दार वाजवलं आणि त्या घरच्या नवरा-बायकोने त्यांना रविवारपर्यंत ठेवून घेतलं. त्या घरात कोरियन स्वयंपाकाचं सामानही निघालं म्हणे, आणि पाहुण्यांनीच रांधून वाढलं.

नाताळच्या सकाळी वारा पडला. बर्फ पडतच होता, पण सरळ, आणि मेपलचं झाड जागेवर होतं. पुढचं दार उघडलं तर दाराच्या आकाराची बर्फाची भिंत उभी, तिच्यावर दाराच्या मुठीचा ठसा आतल्या बाजूने उमटलेला. विमानतळावर त्या पाच दिवसांत मोजला गेला तो जवळपास ५२ इंच, म्हणजे माझ्या नऊ वर्षांच्या लेकीएवढा. वाऱ्याने जिथे ढीग घातले तिथे तर पुरुषभर. नवरा आमच्या बाजूने खणत निघाला, पलीकडून अर्ध्या तासाने टोपीचा एक लाल गोंडा दिसायला लागला. जाजा होते, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. नवरा ओरडून “तुम्ही आत जा” म्हणाला, त्यांनी ऐकलं नाही.

तीस फुटांना दोन तास लागले.

आत मेज कालच्यासारखंच होतं. पांढरं कापड, कडेला डोकावणारी गवताची काडी, आणि तीन ताटं. दोन वापरून धुऊन पुन्हा मांडलेली, तिसरं कोरं. शेकोटीच्या वरच्या फळीवर मेरीच्या मूर्तीशेजारी गुरुवारची पोथी टेकवलेली होती. बाबचांनी कपाटातून आणखी चार ताटं काढली, पण ते कोरं ताट होतं तिथे आईंना हाताला धरून बसवलं आणि पोलिशमध्ये एक वाक्य म्हणाल्या. मग मला इंग्रजीत त्याचा अर्थ सांगितला, मी आईंना मराठीत: पाहुणा घरात, देव घरात.

“अगं, हे तर आपलंच,” आई म्हणाल्या.

मग ओप्वातेक आला. पापडाहून पातळ, पांढरा, वर येशूजन्माचं चित्र उठवलेला पोळीचा तुकडा. प्रत्येकाने हातात घ्यायचा, समोरच्याला पुढे करायचा, त्याने त्यातला कण मोडून घ्यायचा, आपण त्याच्यातला, आणि एकमेकांसाठी काहीतरी मागायचं. आईंनी मला हळूच विचारलं, “प्रसाद का?” मी मान हलवली. त्यांनी हात जोडून तो घेतला. बाबचांनी त्यांच्यासाठी काय मागितलं ते आईंना कळलं नाही, आईंनी काय मागितलं ते बाबचांना. मी मध्ये उभी होते आणि भाषांतर करायला माझा घसा साथ देईना. आई म्हणाल्या होत्या, “तुमची लेकरं सुखरूप पोचू देत.”

बीटाचं आंबटसर लालभडक सार, वाळवलेल्या फळांचं गोड पाणी, बटाट्याचे आणि आंबवलेल्या कोबीचे पिएरोगी. मासा होता, तो त्यांनी आमच्यापासून दूर सरकवला. पिएरोगी म्हणजे उकडून काढलेली करंजी म्हणा. पारीत अंडं आहे का, आईंनी विचारायला लावलं. नव्हतं. मैदा, आंबट साय आणि कोमट पाणी. मग मात्र त्यांनी सहा खाल्ले.

आम्ही तिथेच राहिलो. शेकोटीसमोर सात माणसं, एक गोधडी आणि पोलिश आजीच्या दोन दुलया. सांता आमच्याकडेच आला होता हे मुलाने खात्रीने सांगितलं, कारण तिळाचा लाडू नाहीसा झाला होता. सोमवारी संध्याकाळी सारण उरलं होतं म्हणून बाबचांनी पुन्हा कणीक मळली. त्या काट्याने कड दाबत होत्या. आई थोडा वेळ बघत राहिल्या, मग राहवेना. एक पारी उचलली, सारण भरलं आणि कडेला बारीक मुरड घातली, दिवाळीच्या करंजीला घालतात तशी. बाबचांनी ती उजेडात धरून पाहिली आणि काटा बाजूला ठेवला. मग एकीच्या हाताला धरून दुसरीचा अंगठा शिकत होता, शब्दांवाचून.

आठच्या सुमारास खिडकीतून लेक ओरडली, “आई, आपलं घर!” आमच्या घरात सगळे दिवे एकदम लागले होते, नाताळच्या झाडावरचे आणि देव्हाऱ्यातलासुद्धा. इथला फ्रिजही घरघरायला लागला. नवऱ्याने मुलांचे बूट शोधायला घेतले. भट्टी लावायला हवी होती, नळ तपासायला हवे होते.

आईंनी मान वर केली नाही. पिठाच्या हातांनी बाबचांच्या बोटावरची मुरड नीट करत त्या म्हणाल्या, “थांब रे. बारा पाऱ्या लाटून झाल्यात, वाळतील. एवढ्या संपवू, मग जाऊ.”