सौम्यतेचा दिवस आठवा

बांद्र्याच्या मोतमावलीचा (माउंट मेरीचा) नोव्हेना, म्हणजे सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, आमच्यात सगळेच करतात. मी या वेळी रोज अंधेरीहून चालत गेले, एवढंच. एस. व्ही. रोडने पार्ले, सांताक्रूझ, खार, मग हिल रोड आणि शेवटचा चढ. ८ सप्टेंबरच्या सणाआधीचे नऊ दिवस, वर पाऊस, खाली खड्डे.

नवस जिभेसाठी होता. जूनमध्ये आईच्या औषधांच्या खर्चावरून मी वहिनीला नको ते बोलले आणि तिने फोन बंद केला. कन्फेशनला गेले तर फादर म्हणाले, "त्या काय बोलल्या ते सगळं सांगितलंत. तुम्ही काय बोललात ते राहिलं." मला राग आला. फादरांचाच.

बायबलमध्ये सांगितलेली पवित्र आत्म्याची फळं, म्हणजे सद्गुण, तीही नऊ, म्हणून रोज एक घ्यायचं ठरवलं. प्रीती, आनंद, शांती हे तीन दिवस कसे गेले आठवत नाही. पार्ल्यापासून एक आंटी सोबत असायच्या. त्या मोबाईलच्या स्पीकरवर रोझरीची प्रार्थना लावायच्या, मध्येच जाहिरात लागायची आणि "नमो मारिये" अर्ध्यावर तुटायचं. शांतीच्या दिवशी मी मुद्दाम रस्ता ओलांडून पलीकडून चालले.

चौथा दिवस सहनशीलतेचा. त्याच दिवशी नव्या सँडलने टाच सोलली. सांताक्रूझ मागे पडेपर्यंत फोड फुटला होता. खारच्या अलीकडे दुकानाच्या पायरीशी चपला शिवणारे एक काका बसले होते. मी लंगडत पुढे गेले तशी मागून हाक आली, "ताई, बसा इथं." म्हटलं, घाई आहे, मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकेल. ते म्हणाले, "असं चाललात तर उद्याची पण चुकेल."

बसले. त्यांनी विचारल्याशिवाय पट्टा उसवला, टाचेकडची कडक कड कापली, आतून सायकलच्या ट्यूबचा मऊ तुकडा लावला आणि पुन्हा टाके घालायला घेतले. वरून ताडपत्री गळत होती. त्यांनी बूड सरकवून मला कोरडी बाजू दिली. पिशवीत जुन्या चपला होत्या, त्याही मी पुढे केल्या, आता आलेच आहे तर. त्यांनी एक उलटी करून बोट फिरवलं. "तुम्ही पाय आपटत चालता. बघा, टाच किती झिजलीय. नवीन तळ लावून देतो, पण तोही असाच जाणार."

घरात मी रागावले की आधी माझी पावलं ऐकू येतात, असं आई म्हणते. या माणसाने मला दहा मिनिटांपूर्वी पहिल्यांदा पाहिलं होतं.

पैसे विचारले. जुन्यांचे घेतले, सँडलचे नाही. "माउलीकडे चाललाय ना," म्हणाले. चहाही पाजला. कपाला तडा होता.

त्या दिवशी मिस्सा अर्धी मिळाली. बाहेर नवसाला वाहायचे मेणाचे हात, पाय, घरं, बाळं मांडलेली. जीभ मागायची लाज वाटली. विकणाऱ्या मुलीने माझ्या टाचेकडे बघून पायच हातात दिला. मी घेतला.

संत पौलाने आपल्या देहातला काटा काढ म्हणून प्रभूला तीनदा विनवलं. मी तीस वर्षं दर लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासकाळात, तेच मागते, आणि खरं तर मागते की समोरच्यांना बदल. त्या मेणाच्या पायापाशी हे कळलं. कळून बरं वाटलं नाही.

ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा. पावसातच गेले. आंटी एक दिवस आल्या नाहीत आणि मला त्या स्पीकरची चुटपुट लागली.

आठवा दिवस सौम्यतेचा. हिल रोडला रिक्षावाल्याने चिखल उडवला आणि मी त्याला अख्खा रस्ता वळून बघेल असं बोलले. मग तिथेच, चिखलाच्या साडीत, वहिनीला फोन लावला. का, ते माहीत नाही. तिने उचलला.

"बोला, ताई."

मी जूनमध्ये काय बोलले होते तेवढंच सांगितलं. का बोलले, ते जिभेवर आलं होतं, गिळलं. ती बराच वेळ गप्प होती.

"हॉर्न ऐकू येतायत. कुठे आहात?"

"बांद्र्याला. मावलीकडे."

"छत्री आहे का?"

आहे, म्हटलं. पुढे काय बोलायचं ते दोघींनाही सुचेना.